चिन्मयीचं गवत

आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या गल्लीत भय्यासाहेबांशी वाद घालायची माझ्याशिवाय कुणाची छाती नव्हती. छत्तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात लोखंड तापवून कणखर करण्यात गेलेली. थोडा थोडा ताप दिला की काहीही टणक होतं, हे त्यांचं ठाम मत. माणूस हट्टाने आंधळा झालाय, असं मी त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं.

कॅनडातली त्यांची लेक चिन्मयी सहा वर्षांत आली नव्हती. गेल्या दिवाळीला तिने तिथल्या आपल्या अंगणातल्या गवताचं बी धाडलं. जूनमध्ये येऊ, नात आजोबांकडेही त्याच गवतावर खेळेल, असं फोनवर म्हणाली. झालं. भय्यासाहेबांनी अंगणातली दूब मुळासकट उपटली, गणपतीच्या दूर्वांपुरतीही ठेवली नाही. थंडीत ते गवत हिरवंगार आलं. शैलजावहिनी रोज फोन धरून लेकीला दाखवायच्या.

एप्रिल सरला आणि गवत पिवळं पडू लागलं. वहिनींनी ते लेकीला दाखवणं बंद केलं. भय्यासाहेबांनी वर हिरवी जाळी ताणली. रोज थोडा वेळ ती काढायची, म्हणजे गवताला उन्हाची सवय होईल. नळ मात्र सकाळी अर्धा तासच यायचा. थंड मुलखाचं गवत आहे, मरू द्या, असं मी म्हटलं तर दोन दिवस बोलले नाहीत.

मे महिन्यात एके दिवशी ते डोळे दाखवायला गेले होते. दुपारी वहिनींनी कूलरमधलं पाणी उपसून गवताला घातलं आणि कोरड्या कूलरसमोर जाऊन पडल्या. आधीच रक्तदाबाचा त्रास. भय्यासाहेबांच्या हाकेने मी धावलो तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती, अंग नुसतं भाजत होतं. बादली जाळीपाशीच होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं.

चिन्मयी आली, एकटीच. कूलरचं तिला सांगायचं नाही, असं भय्यासाहेबांनी मला बजावलं होतं.

दहाव्याच्या संध्याकाळी ती पायरीवर बसली होती. भय्यासाहेब शेजारी टेकले.

"तुझं गवत नाही वाचलं, बेटा. मी तर त्याला ऊन सोसायला शिकवून राहिलो होतो."

"मेलं नसेल, बाबा. उन्हाळ्यात आमच्याकडेही असंच पिवळं पडतं. आम्ही तर पाणीच नाही देत. गारवा आला की वापस हिरवं होतं."

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. हे आधी काहून नाही सांगितलं, म्हणून विचारेल. माझ्याच जिभेवर आलं होतं.

भय्यासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अच्छा," ते म्हणाले. वाद घातला नाही.