सांध्याखालचा फुटवा

माझी मावशी रोपवाटिकेत जास्वंदीची कलमं बांधायची. लोक तिच्या हातच्या झाडांची पानं वाटून केसांना लावत, फुलं सुकवून चहात टाकत, आणि हिला मात्र वेणी घालायला फुरसत नसे. "साऱ्या जगाच्या डोक्याची काळजी मला, माझ्या डोक्याची कुणाला?" असं म्हणून ती स्वतःच हसायची.

मी तिच्याच हाताखाली शिकले, म्हणजे बोलणी खात शिकले. देखण्या फुलांच्या जास्वंदीची मुळं नाजूक. जरा पाणी साचलं की कुजतात. म्हणून साध्या, काटक जास्वंदीच्या खोडाला बुडाशी तिरकी चीर द्यायची, तीत चांगल्या झाडाची पाचरीसारखी तासलेली काडी बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. काडीने जीव धरला की मगच त्या साध्या खोडाचा शेंडा छाटायचा. पण सांध्याच्या खालून, मातीतून जो फुटवा येतो तो साध्या खोडाचाच. तो काडीचं सगळं अन्न खातो. "तो चोर. दिसला की उपटायचा," मावशी म्हणायची. सकाळी ती रांगेतून गप्पा मारत चालायची आणि तिचा अंगठा चोर उपटत जायचा. तिला बघावंही लागत नसे.

तिचा एकुलता एक मुलगा तिच्याहून वेडा. एका जास्वंदीचे पराग दुसरीच्या फुलाला लावून बी धरायचा. अशा बीचं झाड निघतं ते कुठल्याच झाडासारखं नसतं. त्याच्या झाडाला पहिलं फूल आलं तेव्हा आम्ही तिघं दाराच्या पायरीवर बसून होतो. धुरकट जांभळं, मधोमध पिवळं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, रोपांचा टेम्पो घेऊन बाहेर होते. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. संध्याकाळी ते आले तोवर त्याचा ओला बोळा झाला होता. "याच्यासाठी एवढा गाजावाजा?" ते म्हणाले. मुलगा हसला. "पुढचं येईल त्या दिवशी टेम्पो काढू नका, बाबा."

पुढचं यायच्या आत तोच गेला. तापाचं निमित्त झालं. काकांनी बोलणं टाकलं, टेम्पो टाकला, ताट पुढे ठेवलं तरी बघत बसायचे. आणि दवाखान्याच्या त्या धावपळीत कुंडीत पाणी साचून झाडाची मुळं कुजून गेली होती. मावशीला त्यावर एकच जिवंत काडी सापडली. ती साध्या खोडावर बांधताना तिने पट्टी दोनदा सोडून पुन्हा गुंडाळली, आणि ते पाहून मला भीती वाटली.

"जगेल?" काकांनी विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द फुटला होता.

"न जगून सांगते कुणाला!" मावशी म्हणाली.

काका पायरीवर, त्या कुंडीशेजारी बसू लागले. दोन घास खाऊ लागले. काडीला पालवी फुटली, तशी त्यांनी दाढीसुद्धा केली. झाडातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. माती खाली बसलेली दिसली म्हणून त्यांनी एकदा आपणहून खत आणलं आणि कुंडी काठोकाठ भरली. सांधा खताखाली गेला. खोडाच्या बुडाशी मातीबाहेर राहिली फक्त काडीची पालवी.

दुसऱ्या सकाळी आम्ही कामाला निघालो. मावशी मागे वळून माझ्याशी बोलत पायरी उतरत होती, जाता जाता वाकली आणि अंगठा चालला. हातात आलेल्या फुटव्याच्या टोकाला तिनेच तासलेली पाचर होती आणि तिनेच गुंडाळलेली पट्टी.

ती म्हणाली, "चाकू आण." तिने काडी पुन्हा बसवली, बांधली, वर पिशवी घातली. त्या दिवसापासून ती घडीघडी पिशवीत डोकावायची. पानं माना टाकत गेली आणि शेवटी काळी पडली.

"हा तोडून टाकू का गं?" अंगठा माझ्यासमोर धरून तिने विचारलं.

मी भडकले. "सगळा दोष तुझाच का? काकांना सांग ना! ते खत कुणी घातलं?"

तिने माझं तोंडच दाबलं. "खबरदार! आपल्या हाताने गेलं हे त्यांना कळलं, तर ते उरायचे नाहीत."

कुंडीतल्या साध्या खोडाचा शेंडा छाटायचा राहूनच गेला होता, आणि काका त्यालाच मुलाचं झाड समजत होते. त्याला कळी आली. रोपवाटिकेत हे खोड कुणी फुलू देत नाही, त्यामुळे काकांनी त्याचं फूल कधी पाहिलंच नव्हतं. एके सकाळी त्यांची हाक आली, "अगं, ये लवकर! आलं बघ!" फूल गुलाबी होतं, साधं, पाच पाकळ्यांचं. काका रडत होते. मुलगा गेला तेव्हाही ते रडले नव्हते.

"असंच होतं ना गं ते?"

मावशीने फुलाकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "अगदी असंच."

काका फूल मिटेपर्यंत पायरीवरून हलले नाहीत. मग म्हणाले, "आता याची कलमं बांध. पुष्कळ बांध. एका कुंडीचा काय भरवसा?"

मावशीने चाकू घेतला. दुसऱ्या साध्या खोडाला चीर दिली, तीत त्या फुललेल्या साध्या झाडाचीच काडी बसवली, पट्टी गुंडाळली. काका तिच्या हाताकडे डोळे लावून बसले होते.

"आणि खालून चोर आला तर?"

"उपटायचा," मावशी म्हणाली.