जिन्याखालचा नारळ

नव्या गाडीपुढे कुणी नारळ फोडला, की ओल्या खोबऱ्याच्या वासानं मी रोह्याच्या आमच्या कॉलनीत जाते. धाटावच्या कंपन्यांतल्या लोकांसाठी भातशेतीत भराव घालून ती उभी राहिली होती. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी, ते शेत विकलेली म्हातारी राखणदाराचा, म्हणजे शेत राखणाऱ्या देवाचा, दरवर्षीचा नारळ घेऊन थेट आमच्या जिन्याखाली, त्याच्या जुन्या जागेवर आली.

"आजी, इथं आता शेत नाही," आई म्हणाली.

"शेत नाय, पण राखणदार हाय ना गो! तो कुठं जाल?" तिनं नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "आता तुमची पोरं राखील तो."

तो गोड तुकडा मी मिटक्या मारत खाल्ला. आता तिची राखण कोण करतो, हे आमच्यापैकी कुणीच तिला विचारलं नाही.