उदगीरच्या एक भगिनी

आमच्या मासिकाच्या कार्यालयात, म्हणजे आमच्या नांदेडच्या घराच्या पुढच्या खोलीत, एक रबरी शिक्का आहे. त्यावर एकच शब्द आहे, 'ऐकीव'. कुणी लिहून पाठवतं की अमुक पाल्याच्या रसानं मूतखडा विरघळतो. खाली ना डॉक्टरचं नाव, ना वैद्याचं, ना ज्याचा खडा विरघळला त्याचा पत्ता. मग मी तो शिक्का जांभळ्या शाईत बुडवून कागदावर हाणते. हाणते हाच शब्द बरोबर आहे. आवाज ऐकून नवरा आतून विचारतो, "आज कुणाचा नंबर लागला?" आरोग्याचं मासिक काढणाऱ्या बाईनं इतका संताप करू नये असं त्याचं मत आहे. त्याचा रक्तदाब उत्तम आहे, त्याला काय जातंय बोलायला.

नियम साधे आहेत. प्रत्येक दाव्याला दोन साक्षी हव्यात. त्यातला एक तरी त्या विषयातला जाणकार हवा आणि एकानं दुसऱ्याकडून ऐकलेलं नको. 'वाचकांचे अनुभव' या सदरात काही छापायचं तर त्या माणसाला मी स्वतः जाऊन भेटणार, फोनवर भागवणार नाही. हिमायतनगरला मी एका गृहस्थाचे गुडघे बघायला गेले आहे. धर्माबादला मिरचीच्या खकाण्यात ठसकत उभी राहून एका आडत्याला त्याची दम्याची औषधं खिशातून काढायला लावली आहेत. चूर्णवाल्यांच्या जाहिराती घेत नाही, त्यामुळे अंक बारीक असतो. पण यांच्यात छापून आलंय म्हणजे खरं असणार, असं लोक म्हणतात, आणि ते ऐकून मी आतून फुगायची.

पहिल्या अंकाची गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती.

बारा वर्षं झाली असतील. अंक छपाईला गेलेला, मुद्रक ताटकळलेला आणि एका पानाचा खालचा अर्धा भाग कोरा. ज्यांनी लेख कबूल केला होता ते फोन उचलेनात. मी मुद्रणालयातल्या स्टुलावर बसले आणि पाऊण तासात एक पत्र लिहून काढलं. खाली सही केली, 'उदगीरच्या एक भगिनी'. ही बाई किल्ल्याच्या बाजूला राहते, तिच्या घराचं दार निळं आहे, वर्षानुवर्षं ती रक्तदाबाच्या गोळ्या खाते. मग करडईच्या वाळलेल्या पाकळ्या रात्री तांब्यात भिजवून ते केशरी पाणी ती सकाळी उगवतीकडे तोंड करून पिऊ लागते आणि तीन महिन्यांत तिच्या गोळ्या सुटतात. करडईच का, तर समोरच्या भिंतीवर करडईच्या तेलाचं कॅलेंडर टांगलेलं होतं. बाई खरी वाटावी म्हणून शेवटी एक वाक्य घातलं होतं, की पाणी पिताना तिची तंद्री लागते आणि रोज तिचं दूध उतू जातं. ते वाक्य जागेत बसेना म्हणून मीच काट मारली. माझ्या हातचा कागद तिथल्याच रद्दीत गेला. त्या एका वाक्याची मला हळहळ वाटली होती. गोळ्या सुटल्या असं मी बिनधास्त लिहून टाकलं होतं, त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

लाज नंतर वाटली, आणि नियम त्या लाजेतून आले. पत्र जुनं झालं, कुणाच्या लक्षात असणार, असं मी स्वतःला समजावत राहिले.

माझं माहेर लातूरचं. शाळेत मला मराठी शिकवणाऱ्या बाई अजून तिथेच राहतात, एकट्याच. अंक हातात पडला की त्यांचा फोन येतो आणि त्या पानवार चुका सांगतात. "अगं, माझं नाव कुठं सांगू नको, विद्यार्थिनीला शुद्धलेखन आलं न्हाई म्हणतील." बारा वर्षांत एकही अंक त्यांच्या हातून सुटलेला नाही. या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी माहेरी गेले आणि सवयीप्रमाणे त्यांच्याकडे डोकावले. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात काचेचा पेला होता आणि पेल्यात केशरी पाणी.

"हे काय घेताय?" मी विचारलं.

"करडई," बाई म्हणाल्या. "गोळ्या सोडल्या मी. चार महिने झाले."

"कुणी सांगितलं सोडायला?"

"तूच की." त्यांनी कपाटातून पहिला अंक काढला, त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं. "अन् नुसतं वाचून न्हाई हं. तुझ्या नियमानं गेले. आधी त्या बाईशी बोलले."

"कुठल्या बाईशी?"

"उदगीरच्या. आमच्या भजनातल्या एकीच्या वळखीची निघाली, तिनं नंबर दिला. लई गोड बोलती. एकच हाय, बोलता बोलता मधीच म्हणती, थांबा, दूध उतू चाललं, अन् पळती. दर खेपेला."

भर दुपारी, पंख्याची गरम हवा अंगावर येत असताना, माझ्या दंडावर काटा आला. ते वाक्य छापलं गेलेलं नव्हतं. मी ते नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नव्हतं.

मग मी बाईंना सगळं खरं सांगितलं, स्टुलापासून कॅलेंडरपर्यंत. अशी कुणी बाई नाही, तिला मी बनवलं. बाई आधी हसल्या. "तू निबंधातबी कल्पनेला कच्ची व्हतीस. तुला काय जमतंय असली बाई बनवायला." मी शपथ घेतली तेव्हा मात्र त्यांचा चेहरा तास सुरू झाल्यावर व्हायचा तसा झाला.

"बरं. मग दोन साक्षी दे. एक तू. दुसरं कोण?"

दुसरं कुणीच नव्हतं. मुद्रक वारले, मुद्रणालय बंद पडलं, कागद तेव्हाच रद्दीत गेलेला. "माझ्याकडं बघ," बाई बोटांवर मोजत म्हणाल्या, "मी एक, भजनातली एक, अन् त्या बाईला पाकळ्या देणारा उदगीरचा दुकानदार. तीन झाले."

मी त्यांच्याकडून नंबर घेऊन फिरवला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. "कामात असंल," बाई म्हणाल्या. कोपऱ्यात त्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र धूळ खात पडलं होतं. ते पुसून मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून यंत्र बंद केलं आणि परत लावलं. दुसऱ्यांदाही तोच आकडा आला. "जुनं झालंय ते," बाई म्हणाल्या. आमचा मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, आज गोळी आणि उद्या सकाळी दवाखाना, थांबण्यात अर्थ नाही. बाईंनी हात जोडून नको म्हटलं. त्यांच्या थोरल्या बहिणीला लकवा झाला तेव्हा मी बघायला गेले होते. ती ओठांच्या कोपऱ्यातून एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि बाई तिचं तोंड पुसत होत्या. ते आठवून मला रडू फुटलं. मी त्यांच्यासमोर रडले, तरी त्या बधल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी उदगीर गाठलं. मीच लिहिलेला पत्ता मी शोधायला निघाले होते, याचं हसू यायला हवं होतं. किल्ल्याच्या बाजूला एका किराणा दुकानात विचारलं. दुकानदार लगेच म्हणाला, "हाव, करडईवाल्या बाई. परवाच पाकळ्या नेल्या की त्यांनी."

"तुम्ही स्वतः दिल्या?"

"मी न्हाई, भाऊ बसला व्हता. जावा सरळ, निळं दार हाय."

निळं दार होतं. रंग नवा नव्हता, पोपडे धरलेला होता. दाराला कुलूप. समोर एक बाई खाटेवर कुरडया वाळत घालत होती. "आत्ता व्हत्या की घरात," ती म्हणाली.

"तुम्ही बघितलं त्यांना? आत्ता?"

तिनं हातातली कुरडई खाटेवर ठेवली. "आमच्या जाऊबाई सांगत व्हत्या."

मी जाऊबाईंना भेटले. त्यांना त्यांच्या मामीनं सांगितलं होतं. मामींना बाजारात कुणीतरी. बारा वर्षं मी हेच काम करते आहे, असले धागे मला लगेच कळतात. ओढत गेलं की पलीकडच्या टोकाला माणूसच नसतं. मी जरा सैलावले आणि परत जाता जाता त्या दारापाशी सहज थांबले. कुलूप बाहेरून लावलेलं, खिडकी मिटलेली, आणि फटीतून करपलेल्या दुधाचा वास येत होता. तो मला कुणी सांगितलेला नव्हता, माझ्याच नाकाला आला होता. मी दार वाजवलं नाही. तिथून जवळजवळ पळतच बसस्थानकावर आले.

बसमध्ये मी नाही नाही तो विचार करत बसले. मी तिला खरंच बनवलं होतं का? की कधीतरी लग्नाकार्याला उदगीरला आले असताना अशी बाई बघितली आणि विसरून गेले? दुधाचं वाक्य मी लिहिलं आणि काटलं हे मला नक्की आठवत होतं. पण आठवतं म्हणजे काय, त्याला तरी साक्षी कोण? दुसऱ्या कुणी असं लिहून पाठवलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत होतं.

लातूरला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान जड झालीय, डोळ्यापुढं काजवे चमकून राहिले, म्हणाल्या. तरी उशाशी तो केशरी पेला होताच.

"भेटली का गं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले असते तर त्यांनी पेला उचलला असता.

"भेटली," मी म्हणाले. "ती आता गोळ्या घेते, बाई. तिचंही डोकं असंच भणभणायला लागलं होतं. डॉक्टर लई रागावले. पाणी चालू आहे, पण सोबत रोजची गोळीही."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. वहीत लाल पेन चालवायच्या आधी बघायच्या तशा. "मग मला का न्हाई बोलली?"

"लाज वाटली म्हणाली."

हे त्यांना पटलं. त्या उठल्या, देवाच्या फळीवरचा डबा काढला, गोळी जिभेवर ठेवली आणि माठातलं साधं पाणी प्यायल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे गोळ्या बदलून दिल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. दोन साक्षींच्या नियमावर मी लोकांना इतकी वर्षं छळलं, आणि बाईंचा जीव वाचवायला एकही साक्षी नसलेली थाप मारली. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. खोटं का सांगू, भीती मात्र वाटते.

पुढच्या अंकात पहिल्याच पानावर मी खुलासा छापला. ते पत्र काल्पनिक होतं, ते मी लिहिलं, माझ्या हातून अपराध झाला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही गोळ्या सोडू नयेत. लोक मासिक बंद करतील अशी मनाची तयारी केली होती. झालं उलटंच. वाचकांची पत्रं आली की तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, उदगीरच्या त्या बाईंना आम्ही ओळखतो.

अंक पोचल्याच्या दिवशी बाईंचा फोन आला. आधी चुका सांगून झाल्या, यावेळी सहा होत्या. मग मी विचारलं, "बाई, आजची गोळी?"

"घेतली की. रोज घेऊन राहिले." आवाज खणखणीत होता, मला फार बरं वाटलं. "अन् तो खुलासा कशाला छापलास उगंच? तुझा नियम मोडला न्हाई मी. तू सांगितलेलंबी तपासून घेतलं. काल बोलले तिच्याशी."

"कुणाशी, बाई?"

"तिच्याशीच गं. खरं निघालं तुझं. तू येऊन गेलीस त्याच दिवशी तिनं गोळी सुरू केली म्हणाली. अन् च्या न घेता उठलीस म्हणून नाराज हाय तुझ्यावर. आता गेलीस की घे."