टेलरमास्तरांचं विमान

माझे भावजी टेलर आहेत, आणि त्यांच्याइतका दमलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सकाळी शटर उचलतानाच त्यांचा चेहरा दिवस संपवून आल्यासारखा असतो. चाळीस वर्षं मशीनवर वाकून मान पुढे आली ती आलीच. लोक त्यांना मास्तर म्हणतात, पण नवे कपडे शिवायला आता फारसं कोणी येत नाही. पँट आखूड करा, चेन बदला, कंबर सैल करा, असली कामं येतात. भावजी म्हणतात, “मी शिवत नाही गं आता, नुसतं उसवतो.” दुकानामागच्या खोलीत ते आणि माझी थोरली बहीण राहतात. ताई काजं-बटणं करते आणि गिऱ्हाइकांना खोट्या तारखा देते. मी समोरच्या इमारतीत राहते, शाळेच्या कचेरीत कारकुनी करते आणि, ताईच्या मते, नको तिथे तोंड घालते.

विमानाचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं त्याला चार वर्षं झाली. एक गिऱ्हाईक रिमोटवर उडणाऱ्या विमानाचा पंख घेऊन आलं. त्याला पंखाला कापडी पिशवी हवी होती. तासाभराचं काम. भावजींनी पंख चार दिवस ठेवून घेतला. मी सहज डोकावले तर खाकी कागद पसरून, गळ्यात टेप टाकून हे पंखाची मापं काढताहेत. छाती, कंबर, बाही लिहायच्या वहीत त्यांनी पंख लिहिला होता.

“भावजी, चोरी आहे ही,” मी म्हणाले.

“माप घेतलं म्हणजे चोरी होते का? मग निम्मं गाव माझ्या वहीत आहे.”

त्यानंतर दर रविवारी कापायच्या टेबलावर विमान. बाल्सा नावाचं एक लाकूड असतं, इतकं हलकं की फुंकरीनं सरकतं. त्याच्या फासळ्या त्यांनी ब्लेडनं कापल्या, टाचण्यांनी रोवून चिकटवल्या. वरून प्लॅस्टिकची पातळ फिल्म इस्त्रीनं बसवायची असते. त्यात भल्याभल्यांच्या सुरकुत्या पडतात म्हणे. भावजींच्या पंखावर एक चुणी नव्हती. इथे मात्र मी चेष्टा केली नाही. त्यांच्या हाताला असं काम मिळून किती दिवस झाले होते, ते मला दिसत होतं.

वायरिंगनं मात्र त्यांचा घाम काढला. विमानाच्या पोटात एक बॅटरी, एक रिसीव्हर, आणि काडेपेटीएवढ्या चार मोटरी. त्यांना सर्व्हो म्हणतात. रिमोटची काडी हलवली की सर्व्हो दांडी ओढतो आणि पंखाची किंवा शेपटीची पट्टी वरखाली होते. प्रत्येक सर्व्होला तीन वायरी. त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधतात, पण भावजींना ते ओंगळ वाटलं. त्यांनी मेण लावलेल्या बटणाच्या दोऱ्यानं वायरींच्या जुड्या शिवल्या. सोल्डरिंग करताना बोटं भाजून घेतली आणि आठवडाभर उसवायचं कामही ताईच्याच गळ्यात पडलं.

“अहो, या वयात विमान कशाला?” ताई करवादायची. “भिंतीला पोपडे आलेत, ते बघा आधी.”

“भिंत उडत नाही,” भावजी म्हणायचे आणि पुन्हा मान खाली घालायचे.

सगळं रमतगमत चाललं होतं. मग गेल्या वर्षी त्यांनी कात्रीवर हात आपटून घेतला. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. कात्री टेबलावर शेजारीच होती. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, तोही बराच पुढे गेलेला. नजर कडेकडेनं जाते त्यात, मधली शेवटपर्यंत राहते. म्हणून त्यांना सुईचं नेढं दिसत होतं आणि शेजारची कात्री दिसत नव्हती. “गेलेली नजर परत येत नाही,” डॉक्टर म्हणाले, “आहे ती राखायची. थेंब चुकवू नका.” किती दिवस राहील ते त्यांनी सांगितलं नाही, आणि भावजींनी विचारलंही नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर मात्र ते म्हणाले, “धाकटे, मला बाकी काही नको. ते विमान आभाळात गेलेलं एकदा बघायचंय. एकदाच. मग डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे.” थोड्या वेळानं म्हणाले, “तुझ्या ताईला पूर्ण सांगू नकोस. थेंब घालायचेत, एवढंच सांग.”

मी तेवढंच सांगितलं. खोटं बोलायला मला कधी जड जात नाही, पण त्या दिवशी ताईच्या नजरेला नजर देणं नको वाटलं.

दोन महिन्यांत त्यांनी उरलेलं काम उरकलं. एका रविवारी आम्ही तिघं बसनं गावाबाहेर, बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या मैदानावर गेलो. विमान ताईच्या मांडीवर, पंख माझ्या. तिथे हौशी लोक विमानं उडवतात. त्यांच्यात एक निवृत्त बस ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. कॅप्टननी विमान हातात घेऊन इस्त्री पाहिली, शिवलेल्या वायरी पाहिल्या आणि म्हणाले, “मास्तर, याला उडवायचं कशाला, घालून मिरवा की!” भावजी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

“सगळं तपासलंय ना?” कॅप्टननी विचारलं.

“दोनदा,” भावजी म्हणाले.

विमान धावलं, दोन पुरुष उंच उठलं. आणखी वर घ्यायला भावजींनी काडी मागे ओढली, आणि विमानानं नाक खाली घालून सरळ जमीन गाठली. टाळी वाजावी एवढाच आवाज झाला. तीन वर्षं त्यात गेली होती.

शेपटी तेवढी शाबूत होती आणि बॅटरी अजून जिवंत होती. कॅप्टननी रिमोट घेऊन काडी मागे ओढली. शेपटीची पट्टी वर जायला हवी, ती खाली गेली. “मास्तर, ही उलटी जोडलीय हो.”

मग उलगडा झाला. टेलर आयुष्यभर कापडाच्या उलट्या बाजूनं काम करतो. शिवण उलट घालायची, आणि मग कपडा सुलट करून बघायचा. भावजींनी विमानही मांडीवर उताणं घेतलं होतं, पोटातून वायरी जोडल्या होत्या, आणि तपासलंही तसंच, उताणं. पट्टी वर जाताना त्यांनी पाहिली ती खरं म्हणजे खाली जात होती. दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा उलट. सुलट करून बघायचं तेवढं राहिलं.

“उलटी बाही लावली मी,” भावजी म्हणाले. “चाळीस वर्षांत कधी लावली नव्हती.” आणि बांधावर बसून राहिले. मला राग आला होता, त्यांचा, विमानाचा, स्वतःचा.

तुकडे पिशवीत भरून आणले. पिशवी महिनाभर कपाटावर पडली होती. भावजी शटर उचलायचे, पँटी उसवायचे, थेंब घालून डोळे मिटून पडून राहायचे. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, “जाऊ दे गं. अंगात बळ नाही.”

शेवटी ताईनंच पिशवी खाली काढली आणि तुकडे टेबलावर ओतले. “उसवलंय तेवढं शिवा,” म्हणाली. “आणि माझ्यापासून लपवायचं बंद करा. रोज कात्री तुमच्या हाताशी सरकवून कोण ठेवतं, भूत? दाराच्या चौकटीला उशीचं कापड कोणी बांधलं? मला सगळं माहीत आहे. पहिल्यापासून.”

भावजींनी चष्मा पुसला. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच चुगली केली होती. आयुष्यात एकदाच मी चुगली केली नव्हती, आणि नेमका तेव्हाच आळ आला.

दुसऱ्यांदा काम संथ झालं. आता त्यांना एका वेळी नाण्याएवढी जागा दिसायची. एक फासळी दिसली की शेजारची हरवायची. ताई बोट ठेवायची, ते त्या बोटाशी चिकटवायचे. आणि सगळं जोडून झाल्यावर ताईनं विमान दोन्ही हातांत सरळ धरलं, सुलट, आणि भावजींनी काडी मागे ओढली.

“वर,” ताई म्हणाली. काडी पुढे. “खाली.” पुन्हा मागे. “वर, वर, वर! किती वेळा विचारणार आहात?”

“चौदा वेळा,” भावजी म्हणाले, आणि खरंच चौदा वेळा विचारलं.

मैदानावर त्यांनी रिमोट कॅप्टनच्या हातात दिला. “तुम्हीच उडवा. मला नुसतं बघायचंय.”

विमान धावलं, उठलं आणि चढतच गेलं. मैदानावर लोक ओरडले. मी भावजींकडे पाहिलं. ते मान वर करून शोधत होते. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. भिंतीला एवढंसं भोक पाडून कोणी त्यातून आख्खं आभाळ धुंडाळावं तसं चाललं होतं. ताईनं त्यांचा दंड धरला होता आणि दुसऱ्या हातानं ती बोट दाखवत होती. “त्या झाडाच्या वर बघा. नाही, आता डावीकडे. अहो, डावीकडे!” बराच वेळ असं चाललं. तिचा आवाज रडवेला होत गेला.

“दिसलं!” भावजी एकदम म्हणाले. “दिसलं गं! ते बघ!”

त्यांच्या बोटाच्या रेषेत मी पाहिलं. तिथे एक घार होती. पंख पसरून, संथ, गिरक्या घेणारी. विमान आमच्या पाठीमागे होतं.

मी तोंड उघडलं. ताईनं माझ्या मनगटाला चिमटा काढला, असा की वळ उठला.

“हो, तेच,” ती म्हणाली. “किती झोकात चाललंय ना?”

“झोकात,” भावजी म्हणाले. घार दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघं बघत उभे राहिलो. नंतर कॅप्टननी विमान सुखरूप उतरवून आणून दिलं. लोकांनी भावजींशी हात मिळवले. ताई पदरानं तोंड पुसत होती.

परतताना बसमध्ये ताईला पुढे जागा मिळाली. विमान मांडीवर घेऊन ती लगेच डुलक्या काढू लागली. मी आणि भावजी मागच्या बाकावर.

“धाकटे,” ते हळूच म्हणाले, “ती घार होती ना?”

“कशावरून?”

“मोटरचा आवाज पाठीमागून येत होता. कान धड आहेत माझे.”

“मग दिसलं का म्हणालात?”

“ती केव्हाची बोट दाखवत होती. खांदा दुखतो तिचा. चाकं जमिनीवरून उचलली तेवढं दिसलं मला. पुढे नाही. एकदाही नाही.”

“पुढच्या रविवारी परत येऊ.”

“नको. दमलो मी.” त्यांनी डोकं मागे टेकलं. रागावून नाही, साधेपणानं म्हणाले, हिशेब मिटल्यासारखं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू सांग ना. कसं दिसत होतं? वळताना पंख किती कलत होता? उन्हात फिल्मवर चुणी दिसली का कुठे?”

मी सांगायला गेले आणि माझ्या लक्षात आलं. विमान उठल्यापासून मी भावजींचं तोंड बघत होते, आणि नंतर ती घार. ताईनंही तेवढा वेळ आभाळापेक्षा त्यांच्याकडेच पाहिलं होतं. विमान दहा मिनिटं हवेत होतं, आणि आमच्यापैकी कोणी ते नीट पाहिलं नव्हतं.

“छान दिसत होतं,” मी म्हणाले. एरवी माझं तोंड बंद होत नाही, पण त्यापुढे मला एक शब्द सुचेना. भावजी वाट बघत राहिले.