निळ्या झाकणाची नळी

"मशीनला डोळे नसतात, बाबा," असं म्हणत ताई निळ्या झाकणाची नळी उघडायच्या आणि रक्तात लाकडी काडी हलकेच फिरवायच्या. काडीला बारीकशी गुठळी जरी चिकटली तरी नळी बाजूला. "परत घे."

परत घे! तुम्ही कधी मे महिन्यात उज्जैनला पीपीई किट घालून तीन मजले चढला आहात का? मी चढायचो. फ्रीगंजातल्या आमच्या छोट्या लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेणं माझं काम आणि ते तपासणं ताईंचं. कोरोनाची दुसरी लाट होती. जो तो डी-डायमर विचारायचा. अंगात आतल्या आत गुठळ्या होतायत का, याचा अंदाज डॉक्टर त्या आकड्यावरून बांधायचे. पण रक्त नळीतच गोठलं, तर त्या आकड्यावर भरवसा नाही. मालक ओरडायचे, "दीदी, बाहर लाइन लगी है!" ताई मान वर न करता म्हणायच्या, "तो लगी रहने दो. झूठा नंबर नहीं दूँगी."

एकदा रामघाटावरच्या एका पंडितजींचं रक्त घेतलं. ऑक्सिजन सत्त्याण्णव, आवाज खणखणीत, वर "भैया, पोहे खाके जाना" हा आग्रह. घाईत मी नळी हळूहळू उलटसुलट करायला विसरलो, त्यामुळे नळीतलं, रक्त गोठू न देणारं औषध नीट मिसळलंच नाही. ताईंच्या काडीला गुठळी लागली. मी वैतागलो.

"अहो ताई, माणूस ठणठणीत आहे. लावून टाका ना मशीनवर!"

"ठणठणीत आहे, हे तू ठरवणार?"

गेलो मुकाट्यानं. दुसऱ्या नळीचा आकडा इतका वर, की ताईंनी तो पुन्हा लावून पाहिला आणि रिपोर्ट टाइप व्हायच्या आधीच डॉक्टरांना फोन केला. पंडितजी त्याच दुपारी भरती झाले आणि काही दिवसांनी चालत घरी आले. मी ताईंकडे नुसता बघत राहिलो. देवळात हात आपोआप जोडले जातात ना, तसं झालं मला. त्या मात्र म्हणाल्या, "आकडा वाढला म्हणजे माणूस गेलाच असं नसतं रे. पण डॉक्टरला कळायला तर हवं!" आणि पुढची नळी उघडली.

महिना सरता सरता ताईच आजारी पडल्या. दवाखान्यात त्यांचं रक्त घ्यायला मीच गेलो. जीव मुठीत धरून नळी उलटसुलट केली, लॅबमध्ये काडीही मीच फिरवली. एक गुठळी नाही. पण आकडा आला तो पंडितजींच्याही वर. डॉक्टरांना रिपोर्ट देऊन मी ताईंच्या खाटेशी गेलो.

"किती?" त्यांनी विचारलं.

जन्मात पहिल्यांदा मी खोटा आकडा सांगितला. अगदी नॉर्मलच्या जवळचा.

ताई बघत राहिल्या. तीस वर्षं रक्त तपासलेली बाई ती, तिला मी काय फसवणार! ऑक्सिजनच्या मास्कमधून, थांबत थांबत त्या म्हणाल्या, "डॉक्टरांना... खरा सांगितलास ना?"

"हो, ताई."

"मग काही हरकत नाही," म्हणत त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

खरा आकडा वेळेत पोचला होता. औषधं त्याच तासाला सुरू झाली होती. तरी तिसऱ्या दिवशी ताई गेल्या.