भाऊच्या पायातला काळा दोरा

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चिमूरच्या बाजारात वांगी निवडत होते. "आत्या, बाबा नाई राह्यले," एवढंच पुतण्या बोलला. मी वांगी एकेक करून टोपलीत परत ठेवली आणि भाजीवालीला म्हटलं, आज नको... मग घरी कशी आले, आठवत नाही.

माझा मोठा भाऊ तलावावरचा माणूस. आम्ही ढिवर. हिवाळ्यात शिंगाडे तोडायचे, एरवी जाळं टाकायचं, अर्धा दिवस कमरेइतक्या पाण्यात. भाऊ तोंडाचा फटकळ. माहेरी गेले की पहिला प्रश्न, "काऊन व बाई, दाजीनं हाकललं का?" आणि जेवताना मरळ माशाचा सगळ्यात चांगला तुकडा माझ्या ताटात.

त्याच्या उजव्या पायात काळा दोरा असे. लहानपणी पायात गोळे येत म्हणून आईनं बांधलेला; जुना झाला की नवा. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वहिनी म्हणाली, "यांचा दोरा रुतून राह्यला. मागच्याच महिन्यात सैल केला होता." भाऊ हसला. "काई नाई झालं मले. पाण्यातले पाय हायेत, फुगणारच." आम्हीही हसलो. आमच्या बाबांचेही पाय असेच फुगत. पाण्यात राबणाऱ्याची सूज म्हणजे कष्टाची खूण, असंच आमच्यात मानतात. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा दिसे, तो आम्ही जागरणावर ढकलला. लघवीला फेस येई, तो उन्हावर. गुडघे ठणकले की तो दुकानातून गोळी आणून खाई, आणि गुडघे तर रोजच ठणकत.

तलावाच्या पाळीवर चक्कर येऊन पडला तेव्हा त्याला चंद्रपूरला नेलं. डॉक्टरबाईंनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला. त्या म्हणाल्या, किडनी बिघडू लागते तेव्हा दुखत नाही. फेस, सूज, वाढलेलं ब्लडप्रेशर, एवढंच काय ते दिसतं, कधी तेही नाही. तेव्हाच लघवीची, रक्ताची साधी तपासणी झाली, ब्लडप्रेशर आवरलं, दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या, तर पुष्कळांचं वर्षानुवर्षं निभतं. गेलेलं मात्र परत येत नाही. भाऊनं विचारलं, "मंग आता?" आता डायलिसिस होतं.

पाणीही मोजून. जन्म पाण्यात काढलेला माणूस घोटासाठी वहिनीच्या तोंडाकडे बघू लागला. शेवटच्या भेटीत मला म्हणाला, "बाई, तलाव भरून हाय म्हणते. मले मात्र वाटीभर..." मला फार राग आला होता. कुणावर, ते अजून ठरत नाही.

आता पुतण्या तलावात उतरतो. परवा मी माहेरीच होते. तो शिंगाड्यांचं पोतं टाकून ओसरीवर बसला. वहिनीनं त्याचा पाय मांडीवर घेतला, नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खळगा लगेच भरून आला.

"आई, काई नाई झालं मले," तो म्हणाला. अगदी भाऊसारखा.

वहिनीनं त्याच्याही पायातल्या काळ्या दोऱ्याखाली बोट घालून ते सगळीकडून फिरवून पाहिलं, आणि दुसरा पाय ओढून घेतला.