ध्रुवीय प्रकाश म्हणून खपवलेले ढग

सासूबाईंनी साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. ध्रुवीय प्रकाशावर धड्यात दोन ओळी आणि एक काळपट चित्र. दरवर्षी वर्गातलं कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलाय?" आणि बाई नाही म्हणायच्या. ते त्यांना फार लागायचं. आमच्याकडे हॅम्बुर्गला तीन महिन्यांसाठी आल्या तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, तो बघितल्याशिवाय परत जाणार नाही. म्हटलं, झालं कल्याण! जूनमध्ये इथे धड अंधारही पडत नाही.

व्हिसाचा शेवटचा आठवडा उरला आणि मोबाईलवर सूर्यावरच्या वादळाची सूचना आली; असं वादळ मोठं असलं की ध्रुवीय प्रकाश कधीकधी इथपर्यंतही दिसतो. नवरा कामासाठी म्युनिकला गेलेला. मग मीच त्यांना गाडीत घालून बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझी मीटिंग होती.

रात्री साडेअकराला उत्तरेकडे, पाण्याच्या जरा वर, निळसर चंदेरी ढग उजळले. हे फार उंचावरचे ढग, बुडालेल्या सूर्याचा उजेड लागून चमकणारे. उन्हाळ्यात मी ते बऱ्याचदा पाहिलेत. वारा नुसता झोंबत होता.

"हाच का गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

मी बेधडक हो म्हटलं. लाज वाटली, पण घरी जायची घाई जास्त होती. त्या "छान आहे" म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. थोडं बसू म्हणाल्या. मग आणखी थोडं. मी किल्ली हातात घेऊन मनातल्या मनात धुमसत उभी. एकदा बसल्या की बसल्या!

साडेबाराच्या सुमारास ढगांच्या मागून, वरपर्यंत, प्रकाशाचे फिकट उभे खांब उगवले. आधी करडे, मग किंचित गुलाबी. सरकायचे, विझायचे, पुन्हा उठायचे. खाली ढग आपले निवांत. दोन्ही एकाच वेळी! इथल्या अकरा वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं.

"आई, मघाशी मी खोटं बोलले. ते नुसते ढग होते."

"माहीत आहे," त्या वर बघतच म्हणाल्या. "तू दमली होतीस, म्हणून बोलले नाही."

मग शालीचं एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं.

"पण आता कुणी विचारलं ना, तर माझं 'हो' खरं असेल."